अण्णांचा ताप

प्रिय धनश्री,

आशीर्वाद आहेतच, ते रागाने कमी होत नाहीत. बाकीचं पत्र मात्र रागाचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच "आई, ऐक तरी" म्हणतेस, मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो.

तुझा व्हिडिओ पाहिला. सगळ्या कोल्हारने पाहिला. शेजारची छबूबाई मोबाईल घेऊन दारात आली, "धनू लई गोड दिसती हो" म्हणाली आणि लगेच डोळ्याला पदर लावला. तुझ्या हातात बिडाचा तवा, मागे अण्णांचा हार घातलेला फोटो, आणि तू म्हणतेस, "माझे वडील नॉनस्टिकने गेले. हे विष आजच घराबाहेर काढा." खाली तुझ्या पुण्याच्या दुकानाचा नंबर.

धने, तुझे वडील उसाच्या ट्रॉलीने गेले. अंधार पडताना मोटरसायकलवर शिर्डीकडून घरी येत होते. ट्रॉली रस्त्यात बंद पडलेली, मागे दिवा नाही, साधं लाल फडकं नाही. दवाखान्यात त्यांची चप्पल तू ओळखलीस, मी नाही. मग हा तवा कुठून आला?

तू म्हणशील, त्या दिवशी अंगात ताप असेल, त्याने तोल गेला असेल. असेलही. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. कोणावर तरी बोट ठेवावं असं मला वाटत नाही का? ट्रॉलीवाला सापडला नाही, म्हणून मी तव्याला धरू?

ताप मात्र खरा होता. तो तू हॉस्टेलला असल्यामुळे पाहिला नाहीस. राधाकृष्णशेठच्या शेडमध्ये ते हॉटेलांच्या डोशाच्या तव्यांना नॉनस्टिकचा नवा थर द्यायचं काम करायचे. ऐन मे महिन्यात, पत्रा तापलेला, आणि हे दोन वाकळा अंगावर घेऊन कुडकुडायचे. छाती आवळल्यासारखी, कोरडा खोकला. सकाळी उठून भाकरी खाऊन पुन्हा कामावर. डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, रक्तात काही निघालं नाही. मी म्हणायचे, काम सोडा. ते म्हणायचे, "अगं, पावण्यावानी येतो, सकाळी जातो. त्याला काय भ्यायचं?" दिवाळीच्या सुट्टीत एकदाही ताप आला नाही, हे मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ते गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी वाचायला लागले. आधी वाचनालयात, मग मोबाईलवर, इंग्रजी शब्दाला शब्द लावत. त्यात हाच ताप सापडला. या थराची भुकटी बोटांना लागते, बोटांवरून विडीला. विडीच्या निखाऱ्यावर ती जळते आणि तो धूर सरळ छातीत जातो. संध्याकाळी ताप, सकाळी माणूस बरा. परदेशातल्या कामगारांना हे केव्हाच ठाऊक झालेलं. अण्णा दिवसाला एक बंडल ओढायचे. वाचून मी मोबाईल बाजूला भिरकावला.

शेडमधला त्यांचा जोडीदार रामहरी, त्यालाही असाच ताप यायचा. त्याला मी हे सांगितलं तर तो हसला. "वहिनी, इडीनं कुटं ताप येतो व्हय?" पण बायकोने दम दिल्यावर तो साबणाने हात धुऊन, शेडच्या बाहेर जाऊन ओढायला लागला. ताप कमी झाला. गेला नाही, कारण जुना थर भट्टीत जाळतात त्या दिवशी धूर शेडमध्येच कोंडतो. म्हणून मी, रामहरी आणि तिथे तवे घासणारी कडूबाई, तिघं शेठकडे गेलो. धुराडं बसवा, धूर ओढणारा पंखा बसवा, नळाजवळ साबण ठेवा. शेठ कुरकुरला, पण कबूल झाला. माप घ्यायला माणूससुद्धा येऊन गेला.

आणि मग तुझा व्हिडिओ आला.

शेठने तो माझ्यासमोर लावला, दोनदा. म्हणाला, "वहिनी, भीमराज ट्रॉलीवर गेला हे सारा तालुका जानतो. तुमची पोरगी म्हनती तव्यानं मेला. उद्या म्हनाल धुरानं पाऊस पडंना! आधी घरात ठरवा, मंग धुराड्याचं बघू." बाजूचे दोघं-तिघं हसले. मी उठून घरी आले. त्याची गोष्ट खोटी नव्हती ना.

तू तवे विक. तू पाठवलेला तवा चांगला आहे, भाकरी छान फुगते. पण विकताना वाचत जा. हा थर खरवडून चुकून पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तो काही करत नाही, मी अजून घावन नॉनस्टिकवरच करते. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून विसरलं, की धूर होतो. त्याने माणसाला ताप येतो आणि घरात पिंजऱ्यातला पक्षी असला तर मरतो. हा थर बनवायला पूर्वी एक रसायन वापरायचे, ते खरंच वाईट होतं, कारखान्यांजवळच्या पाण्यात उतरलं, लोकांना आजार लागले. ते मी झाकणार नाही. पण त्यात अण्णांना कालवू नकोस. तू सगळं एकाच पातेल्यात घालून ढवळलंस आणि वर त्यांचा फोटो ठेवलास.

फोटोवरून तर माझं डोकंच फिरलं. तो हार मी घातला होता. तवे खपावेत म्हणून नव्हता घातला.

काल कडूबाई सांगत आली, रामहरी पुन्हा वाकळ घेऊन पडलाय. परवा भट्टी लावली होती. धुराड्याचं माप भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे, तेवढंच.

पत्र लिहायला बसले ते यासाठी. सोमवारी आम्ही तिघं नगरला कारखाने तपासणाऱ्या साहेबांकडे अर्ज घेऊन जातोय. शेठ तुझा व्हिडिओ घेऊन येणार, तसं त्याने सांगूनच ठेवलंय. त्याआधी तो काढून टाक. आणि त्याच फोटोखाली उभी राहून, त्याच तोंडाने, वडील कसे गेले आणि त्यांना ताप कशाचा यायचा, दोन्ही वेगवेगळं सांग. चार तवे कमी खपतील. नाही केलंस, तर साहेब मला विचारतीलच, बाई, तुमची मुलगी म्हणते ते खरं का? मी नाही म्हणणार आहे. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली असलीस, तरी.

तुझीच, राग न गेलेली,
आई