राणीसाहेबांचं माहेर

बरका, मस्कतजवळ,
शनिवार

प्रिय मैना,

तू तिकडं राणी असशील, मी तुला मैनाच म्हणणार. मॅरेन हे तुझं खरं नाव मला तेव्हाही नीट म्हणता येत नव्हतं, आणि आता त्याच्या मागंपुढं एवढी बिरुदं लागलीत की सगळी म्हणेस्तोवर भाजी करपेल. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. तुला वाचायला मी शिकवलं भिंतीवरच्या कॅलेंडरावरून, आणि मी स्वतः चौथीत शाळा सोडलेली, तेव्हा जोडाक्षरांची बोंब दोघींची सारखीच. एखादं नाही लागलं तर सोडून पुढं जायचं, अडून बसायचं नाही. फोन का नाही केलास म्हणशील. केला होता. तुझी सेक्रेटरीबाई म्हणते, निरोप द्या, कळवते. हा निरोप तसा देण्यातला नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या वकिलातीतला अतुल येऊन गेला. मूळचा साताऱ्याचा, म्हणून त्याला माझ्या गळ्यात बांधलेला. उन्हात कोट घालून आला, पंख्याखाली बसून पाण्याचा तांब्या संपवला आणि सांगायला लागला, काकू, गुरुवारी राणीसाहेब बरक्याच्या मासळीबाजारात थोडा वेळ थांबतील, फोटो होतील, तुम्ही ओळीत उभ्या. आधी हात पुढं करायचा नाही, त्यांनी केला तरच धरायचा, गुडघ्यात थोडं वाकायचं आणि 'युवर मॅजेस्टी' म्हणायचं. म्हटलं, अरे बाबा, जिचं नाक मी पदरानं पुसलं तिला हाक कशी मारायची ते तू मला शिकवणार? तुझे बबनकाका कोपऱ्यात बसून फिदीफिदी हसत होते. त्यांना म्हणे सदरा इन करायला सांगितलाय. सबंध जन्मात त्या माणसानं सदरा खोचला नाही, आता राजासाठी खोचणार.

मग अतुलनं खरं काम बाहेर काढलं. तुझ्या आयुष्यावर टीव्हीसाठी फिल्म होतेय, ती माणसंही गुरुवारी कॅमेरे घेऊन येणार आणि मला तुझ्या घराण्याबद्दल विचारणार. काय सांगायचं ते तुमच्या राजवाड्यातून ठरून आलंय. वडील समुद्री इंजिनियर. घर समुद्रकाठी, मोठ्या बागेचं. आई तू लहान असतानाच वारली. आणि मी कोण, तर घरात काम करणारी प्रेमळ बाई. प्रेमळ! बरक्यात कुणालाही विचार, ड्रायव्हर लोक माझ्या खानावळीत ताटात भात टाकायला घाबरतात. अतुलला म्हटलं, बाग कुठली रे? आमच्या अरब मालकाची, अर्बाबाची, दोन खजुराची झाडं आणि त्यांना बांधलेली बकरी, ती बाग? बिचारा खाली मान घालून म्हणाला, काकू, मला जे सांगितलंय ते मी सांगतोय.

जरा उठले होते. घरात पाहुणी आहे, तिला चहा करून दिला. बिनसाखरेचा पिते आणि तोही कपात नको, ग्लासात हवा. मिरची तर अजिबात चालत नाही. तिच्यासाठी वेगळं शिजवताना माझा जीव जातो, पण असू दे.

तर घराणं. तुझे वडील योहानसाहेब मस्कतच्या कंपनीत भांडून बरक्याला आले आणि अर्बाबाच्या शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागले. मिस्त्री होते ते. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचे, पण इंजिनियर नव्हेत, मिस्त्री. बबनकाका त्यांच्या हाताखाली. शेडच्या मागं पत्र्याच्या चार खोल्या, दोन तुमच्या, दोन आमच्या, मधे माझी चूल. तू रांगत यायचीस ती थेट माझ्या परातीत. पुढं पुढं तर ड्रायव्हर लोकांच्या पंगतीत मांडी घालून बसायचीस आणि सुक्या बांगड्याच्या किसमुरीसाठी रडायचीस. पहिला शब्द तू मराठीत बोललीस, 'वाढ'. राजवाड्यात तुला वाढतात का गं पोटभर? टीव्हीवर गालफडं बसल्यासारखी दिसतात.

आणि आई. तिच्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आज मी बोलणार आहे, तू ऐक. ती इथं आली तेव्हा विशीतली पोर होती. तिची आई तुमच्या त्या थंड देशात कारखान्यात मासे साफ करून डब्यात भरायची, हीसुद्धा तिथंच राबून आलेली. आमच्या बाजारात बसायची तेव्हा सुरमई माझ्यापेक्षा झटपट साफ करायची. हसरी होती. तू झालीस आणि कुणी दिवा विझवावा तशी विझली. दिवसच्या दिवस भिंतीकडं तोंड करून पडून. आज त्याला डॉक्टर आहे, गोळी आहे, नाव आहे. तेव्हा लोक म्हणाले, गोऱ्या बाईचे नखरे. एक दिवस तुला माझ्या कडेवर दिलं आणि टॅक्सीत बसली. मागं वळून पाहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, काय दगड आहे. आज वाटतं, वळली असती तर गेली नसती.

शाळेत तू सांगायचीस, माझी आई मेली. मला ठाऊक होतं. आई निघून गेली म्हटलं की पोरं पुढचं विचारतात, मेली म्हटलं की गप्प बसतात. एवढीशी असून तुला हे कळलं होतं, म्हणून मी कधी टोकलं नाही. पण लग्नाच्या वेळी टीव्हीवर, नवऱ्याचा हात धरून, तू तेच सांगितलंस, आणि खाली पट्टीवर लिहूनही आलं. आम्ही खरं धरलं. वाटलं, मधल्या काळात गेली असेल बिचारी. राजाच्या घरी सून आणताना चौकशी केल्याशिवाय राहतात होय? आमच्याकडं साध्या शिपायाच्या लग्नात पण मुलीचं मामेकूळ विचारतात.

मग बबनकाकांनी काय केलं ते ऐक. सर्वपित्रीला आईवडिलांचं पान वाढतात, त्यात साहेब वारल्यापासून योहानसाहेबांचंही असायचंच. त्या वर्षापासून त्यांनी तुझ्या आईचंही घातलं. म्हणाले, राणीची आई असली म्हणून काय, तिच्या मागं करणारं कोण आहे? मी खीर केली, वडे तळले, खानावळीच्या गच्चीवर पानं मांडली. बरक्यात कावळ्यांना काय तोटा! सासूसासऱ्यांचं पान उचललं, साहेबांचं तर पहिल्या झटक्यात, वडा घेऊनच उडाला. तुझ्या आईच्या पानाला एक शिवेल तर शपथ. येत होते, मान वाकडी करून बघत होते, निघून जात होते. बबनकाका हात जोडून उन्हात उभे. म्हणाले, बाई, पोर सुखात आहे, राणी झाली. नाही शिवला. म्हणाले, आम्ही आहोत तिला, काळजी सोडा. नाही शिवला. शेवटी दर्भ इथं कुठून आणायचा म्हणून झाडूच्या काड्यांचा कावळा केला आणि तो शिववला. दर वर्षी हीच तऱ्हा. दर वर्षी हे घरात येऊन म्हणणार, श्यामला, बाईची काहीतरी इच्छा राहिलीय.

इच्छा राहिली होतीच, मैना. पण बाई मेली नव्हती. सोमवारी टॅक्सीतून एक बाई उतरली, हातात छोटी बॅग, डोक्याला रुमाल. दार बबनकाकांनी उघडलं. यांच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली, आणि तोंडातून राम राम राम. ज्या बाईचं इतकी वर्षं पान घातलं ती समोर उभी राहून 'श्यामला कुठं आहे' विचारतेय. माझी पाहुणी ती हीच. तुझी आई. तुमच्या टीव्हीनं तिला मारली तेव्हा तिनं कुठल्या पेपरवाल्याला फोन केला नाही, मी जिवंत आहे म्हणून ओरडली नाही. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, मुलीला मी मेलेली सोयीची होते, म्हणून मी मेलेली राहिले. श्राद्धाची गोष्ट मी तिला हातवारे करून सांगितली तर हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. मग खीर-वडे मागितले. म्हटलं, खा बाई, तुझ्याच नावाचे आहेत. दोन वडे खाल्ले. रुमालाखाली केस नाहीत. काय झालंय ते तिनं सांगितलं नाही, मला विचारावं लागलं नाही. तू इथं येणार ही बातमी बघून निघाली, पण तुला भेटायचं नाही म्हणते. बाजारात गर्दीत कुठं उभं राहिलं की तू लांबून दिसशील, एवढं विचारायला आलीय.

मी तिला गर्दीत उभी करणार नाही. माझ्या दारात आलेली बाई चोरासारखी खांबाआड उभी राहणार नाही, खलास. म्हणून हे पत्र. अतुलला त्याच्या आईची शपथ घातलीय, तुझ्याच हातात देईल आणि फोडणार नाही. गुरुवारी फोटो झाले की मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत वळ, जुन्या शेडची वाट तू विसरलेली नाहीस. गाडी आत येत नाही, चालत यायचं. नवऱ्याला आण, आणू नको, तुझा प्रश्न. कॅमेरे आणू नको. फिल्मवाल्यांना आईचं काय सांगायचं ते तू सांग, मी तेवढंच सांगीन, नाहीतर तोंडाला कुलूप. फक्त 'वारली' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, ती माझ्या ताटात जेवतेय. आपल्यात म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. मला ही म्हण कधी पटली नाही. मी तुझी मावशी, आणि मावशी मावशीच बरी, तिला आईच्या जागी बसायची हौस नाही. तू येशील, मला माहीत आहे. मी किसमूर करून ठेवतेय, आईसाठी बिनमिरचीची. ह्या भाद्रपदात तिचं पान नाही, गुरुवारी तिचं ताट आहे, तुझ्या ताटाला लागून. आणि ओळीत मी गुडघ्यात वाकणार नाही हे आधीच सांगून ठेवते. एक तर गुडघा दुखतो, आणि दुसरं म्हणजे मी तुझी

मावशीच,
श्यामला