तांब्याची शेपटी पडली

५ जानेवारी
आमच्या कुत्र्याची, तांब्याची शेपटी पडलीय. बुडापासून ओल्या दोरीसारखी लोंबते. बसताना कण्हतो. हात लावला तर गुरगुरला — माझ्यावर! शेजारच्या शिवबाई म्हणाल्या, नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

६ जानेवारी
तसंच. भाकरी खाल्ली, पण बसला नाही.

७ जानेवारी
हे म्हणत होते, होईल आपोआप. मी ऐकलं नाही. रिक्षा केली, तिघं गेलो.

जनावरांच्या डॉक्टर राजनंदिनी मॅडमनी नीट तपासलं. हाड शाबूत. शेपटीच्या बुडाशी स्नायू आखडलेत म्हणाल्या. कुत्रं फार दमलं, अडचणीच्या जागेत कोंडलं किंवा गार पाण्यात खूप पोहलं की असं होतं.

"पोहतो का हा?"

मला हसू आलं. आमच्याकडं नळाला पाच-पाच दिवस पाणी नाही, कुत्रं पोहणार कुठं! हे मात्र भिंतीवरचा गाईचा तक्ता वाचत उभे.

इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. आराम द्या, आठवड्यात उचलेल. माणसांची गोळी द्यायची नाही.

घरी आल्यावर विचारलं. रोज सकाळी तांब्याला स्कूटरवर पुढं बसवून होटगी रोडला सिद्धरामभाऊजींच्या मळ्यात फिरायला जातात, असं मी समजत होते. फिरणं कसलं! दिवाळीपासून विहिरीत पोहणं चाललंय. हे उतरले की तांब्याची मागून उडी.

छातीत स्टेंटची जाळी बसवलेला माणूस! मी लई बोलले. शेवटी हे हळूच म्हणाले, "घरात मी पेशंट असतो. पाण्यात नसतो."

भाकरी करपली.

८ जानेवारी
स्कूटरची चावी माझ्याकडं. हे अंगणात खुर्ची टाकून बसलेले. तांब्या पायाशी, उभाच.

९ जानेवारी
हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. वाटलं होतं, चांगले रागावतील. तर म्हणाले, तब्येत बघता थोडं, सावकाश पोहायला हरकत नाही. पहाटेच्या गारठ्यात नको, ऊन वर आल्यावर. आणि एकट्यानं अजिबात नको, सोबत पोहणारं माणूस हवं.

ह्यांना सांगितलं. चेहरा उजळला, मग पडला. भाऊजींना पोहता येत नाही. पोरगी पुण्यात.

मी पोरीच्या जुन्या कपड्यांची पेटी उघडली.

१२ जानेवारी
तांब्या आज बसला. मांडी घालून नाही, पण बसला!

१४ जानेवारी
शेपटी अर्धी वर. तिळाच्या पोळीचा वास आला तेव्हा.

१८ जानेवारी
शेपटी पूर्ण बरी. तरी त्याला आज घरीच ठेवला.

ऊन वर आल्यावर आम्ही दोघं मळ्यात गेलो. हे पाण्यात उतरले. मी साडी सोडली — आत पोरीचा जुना पंजाबी ड्रेस घातलेला — आणि पायरीवरून सूर मारला.

"तुला पोहता येतं?" हे बघतच राहिले.

माहेरी मैंदर्गीत भावांबरोबर शिकले होते. लग्न झाल्यावर कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"येतं की," म्हटलं, आणि ह्यांच्या आधी पलीकडच्या भिंतीला हात लावला.