मोठे इंजिन, जुना ब्रेक

मी, सूर्यभान किसनराव हिंगणे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती अधूनमधून दगा देते, डोके अजून देत नाही; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धमकावून वा गोडीगुलाबीने हे लिहून घेतलेले नाही. जन्मभर सभांमधून बोललो. बोललेले वाऱ्यावर जाते म्हणतात. माझे एक भाषण गेले नाही, म्हणून हे लेखी.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी दुर्गाबाई हिची. तिच्यानंतर मुलगी पौर्णिमा हिची. घर विकण्याचा सल्ला द्यायला येणाऱ्या नातेवाइकांना चहा द्यावा, कागद दाखवू नयेत.

२. पुस्तके, अंदाजे अकराशे, गावच्या वाचनालयास. अट एकच: कपाटांना कुलूप नको. पुस्तके चोरीस जातात म्हणून ज्या अध्यक्षांनी वीस वर्षे कुलपे लावली, त्यांना माझे सांगणे आहे की ज्या गावात पुस्तके चोरीस जातात, त्या गावाचे भले होणार आहे. कुलूप दिसल्यास पौर्णिमाने सगळी पुस्तके बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मांडून वाटून टाकावीत.

३. देह अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. तेरवी करू नये. शोकसभा घेतलीच तर कोणी भाषण करू नये. आमच्या घरातून ती पुरेशी झाली आहेत.

४. लहान गाडीबाबत. हे कलम लांब आहे आणि बाकीची कलमे याच्यासाठीच लिहिली, असे समजावे.

पोलिओने माझा उजवा पाय बारीक आणि आखूड राहिला. मोठ्या मोटारसायकलवर तो जमिनीला टेकत नाही, म्हणून २०११ साली अकोल्याहून एक जुनी, बुटकी मिनी बाइक घेतली. तिचे इंजिन इतके अशक्त, की चढ लागला की दुर्गाबाई उतरून ढकलायची. बसस्थानकामागचे मिस्त्री शेख दाऊद यांना मी शंभर सीसीचे इंजिन बसवायला सांगितले. त्यांनी सांगाडा कापला, नव्या पट्ट्या वेल्ड केल्या, चेन सुतात आणली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. दुकानात आम्ही दोघेच होतो.

"सर, इंजन बसलं. पन ब्रेक जुनाच हाये. मांगचं चाक बी बदलावं लागते. चार दिवस ठेवा."

"उद्या मोर्शीला सभा आहे, दाऊदभाई. सभा थांबत नाही."

"सभा नाई थांबत, पन गाडी तं थांबली पायजे ना सर."

मी चावी उचलली.

दुसऱ्या दिवशी मोर्शीच्या अलीकडच्या उतारावर संत्र्यांची ट्रॉली आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी जातच राहिली. मला खरचटले. मागे बसलेल्या दुर्गाबाईचा गुडघा फुटला. ती आजही काठी घेऊन चालते.

आठ दिवसांनी इथल्या बाजार चौकात सभा होती. लोक अपघाताचे विचारत होते. मी माइक घेतला आणि अर्धवट काम करून माणसे मारायला सोडणाऱ्या कारागिरांवर वीस मिनिटे बोललो. नाव घेतले. टाळ्या पडल्या. काहींनी त्या नावाला धर्म जोडला. मी जोडला नव्हता, पण त्यांना अडवलेही नाही. अन्यायाविरुद्ध चाळीस वर्षे घसा कोरडा करणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. दोन महिन्यांत दाऊदभाईंच्या दुकानाचे शटर पडले. ते अकोल्यात दुसऱ्याच्या गॅरेजवर रोजाने जाऊ लागले.

दुर्गाबाईला मी खरे दवाखान्यातच सांगितले होते. त्या सभेहून परतलो तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या लोकाईत खोटं बोलता येते तुमाले. मंग खरं बोलाले काहून जड जाते?"

चौदा वर्षे जड गेले. आता लिहितो: ब्रेकबद्दल दाऊद मिस्त्रींनी मला स्पष्ट बजावले होते. गाडी मी घाईने नेली. दोष सर्वस्वी माझा. त्यांच्या कामात तसूभर खोट नव्हती.

५. ती गाडी मी दाऊदभाईंच्या नावे लिहिली होती, आणि वरील मजकूर माझ्या मृत्यूनंतर चौकात लावावा असेही लिहिले होते. काल त्यांना बोलावून वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मेल्यावर काहून? मेलेला मानूस कोनाले बी चांगलं म्हनते, असं म्हनतील लोक. जितेपनी वाचा."

मग म्हणाले, साक्षीदार म्हणून मी सही करतो. मी वकिलांना फोन लावला. त्यांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये.

"मंग गाडी पौर्णिमाताईले द्या. ब्रेक मी बसवून देतो. मले सही करू द्या."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही ओळी खोडल्या आहेत. गाडी पौर्णिमाची. कलम चार मी येत्या बाजाराच्या दिवशी चौकात, माइकवर, स्वतः वाचणार आहे.

ठिकाण: अंजनगाव सुर्जी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: सूर्यभान किसनराव हिंगणे (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:

१. मनोज सहदेव तायडे, शेजारी (सही)

२. शेख दाऊद शेख गफूर, मिस्त्री (सही, खाली त्यांच्याच अक्षरात: "कलम चार खरं हाये. मी तिथं होतो.")