कार्डावरची गोगलगाय

लंडन, मंगळवार सकाळ

प्रिय ऑगस्टा,

मी खुशाल आहे. तू दिलेलं फ्लॅनेल रोज घालतो, खोकलाही कमी आहे. आपल्या एडिथचा दात पडला का?

घाबरू नकोस, पण तुझ्या भावाने इजिप्तहून पाठवलेली गोगलगाय चोरीला गेली. चार वर्षांपूर्वी तू कार्डावर डिंकाने चिकटवून दिली होतीस, तीच. विज्ञान संस्थेत दाखवायची म्हणून काल तिचा शंख कोमट पाण्याने पुसला आणि शेकोटीजवळ वाळत ठेवला. आज बघतो तर नुसतं कार्ड!

या घरात गोगलगायींचं वेड माझ्याखेरीज एकालाच आहे, आमच्या यजमानाला, गॅरडला. नाश्त्याच्या वेळी मी मुद्दाम विषय काढला, तर अंडं फोडत हसला. "अरे, गोगलगायच ती! पळून पळून कुठवर जाणार?"

बघ, केवढा निर्ढावलेला! मी वर येऊन संस्थेच्या सचिवांना त्याच्या नावानिशी तक्रार लिहिली आणि लगेच टपालात टाकून आलो.

भावाला इतक्यात कळवू नकोस.

तुझाच,
बार्थोलोम्यू

ता. क. पाकीट बंद करणार तोच खिडकीतल्या कुंडीकडे लक्ष गेलं. पानाला भोक पडलंय आणि कडेला बसून ती खातेय. मेलीच नव्हती गं, चार वर्षं झोपली होती! इथलं टपाल भलतंच चपळ, पत्र एव्हाना सचिवांच्या हातात पडलं असेल.

जिन्यावरून गॅरड ओरडतोय, "सापडली का रे? थांब, मीही येतो शोधायला!"