दोऱ्यानं कापायची वडी

तात्या, काल मी तुमची मक्याची वडी खाल्ली. नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्प नावाच्या गावात, तुमच्या नातवाच्या घरी. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत ती कुणी केली नव्हती. आईनं तर नाहीच, मीही नाही. आणि केली कुणी, तर एका परक्या मुलीनं. अगदी तुमच्यासारखी, फळीवर ओतून, दोऱ्यानं कापून. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही, आणि बोलायला इथं आहे कोण? तुमचा नातू सकाळी आठला सायकल काढतो, स्टेशनवरून ट्रेननं झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागात जातो, तिथल्या कुठल्याशा काचेच्या इमारतीत. संध्याकाळी सहापर्यंत या घरात मी आणि फ्रीजची घरघर. शेजारीण बिचारी चांगली आहे, खिडकीतून हात हलवते, मीही हलवते, झालं आमचं बोलणं. समोर विमानं उतरताना दिसतात, एक गेलं की दुसरं. ती मोजायचाही कंटाळा आला, म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

थंडी पडली की एखाद्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचात. एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागणारा माणूस, त्या दिवशी चुलीपुढं तासभर उभा! मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ घाटताय, घाम पुसताय, मध्येच कुणी काही विचारलं तर ऐकू जात नाहीये. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली ती गुळगुळीत फळी, तिच्यावर तो पिवळा गोळा ओतायचा, थापायचा नाही, आपोआप पसरू द्यायचा. आणि मग आईला हाक, "अगं, दोरा दे." आई शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा हातभर तोडायची, खिडकीच्या कठड्यावर ठेवायची, तुमच्या हातात नाही, आणि परसात जाऊन धान्य निवडत बसायची. तिनं ती वडी कधी तोंडात घातली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला पचत नाही." आम्ही सगळे त्या वडीला पलटणीची वडी म्हणायचो. लढाईत शिकून आलात, एवढंच ठाऊक. मी दहा वर्षांची असताना तुम्ही हात धुवायला गेलात आणि मी शहाणपणा करून सुरीनं तिचे तुकडे करायला घेतले. जन्मात कधी आवाज न चढवणारे तुम्ही, केवढ्यांदा ओरडलात! "सुरी लावायची नाही तिला!" माझ्या हातून सुरीच पडली. तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसलात, ती वडी तशीच थंड झाली. पुढच्या हिवाळ्यात मात्र दोऱ्याची दोन्ही टोकं माझ्या हातात दिलीत. खालून सरकवायचा, वर ओढायचा. म्हणालात, "आता कसं!" तेवढ्यानं मी फुशारून गेले होते.

आपल्या घरात दर दिवाळीला एक गोष्ट व्हायची, आठवते? काका सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. लढाई संपली तरी तुम्ही इटलीहून परत यायचं नाव काढीनात. इकडे आईशी तुमची सुपारी फुटून चार वर्षं झालेली, तिच्या माहेरचे रोज दारात. शेवटी तुमच्या वडिलांनी, आबांनी, पत्र धाडलं, तुझी आई अत्यवस्थ आहे, तोंड बघायचं तर निघून ये. तुम्ही बोटीनं, रेल्वेनं, शेवटी बैलगाडीनं रडत रडत घरी आलात, तर आमची आजी दारात ताक घुसळतेय, खणखणीत, आणि अंगणात मांडव घातलेला! काका तुमच्या तोंडाची नक्कल करून दाखवायचे. तुम्हीही हसायचात. मांडवाखाली उभं राहण्याआधी तुम्ही कुठून उठून आलात, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नाही म्हणायला एकदाच विचारलं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते, हाच तुमचा नातू पंधरा दिवसांचा. तुम्ही वडी केली होती, आई परसात. मी सहज म्हटलं, "तात्या, हे तुम्हाला शिकवलं तरी कुणी?" तुम्ही शेवटची वडी कापलीत. मग म्हणालात, "डोंगरात एक घर होतं गं. आम्ही त्यांच्या गोठ्यात उतरलो होतो. बॉम्ब पडतायत म्हणून सगळा गाव वर पळाला, पण त्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली, आणि लेक काही तिला सोडून जाईना. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. मी विहिरीचं पाणी आणून द्यायचो, ती वडी करायची. हिवाळाभर." मी म्हटलं, "मग?" तुम्ही दोरा बोटाला गुंडाळत होतात. "मग लढाई संपली. तिथंच काही काम बघून राहावं, असं चाललं होतं मनात. तिलाही तेच हवं होतं. तेवढ्यात आबांचं पत्र." आणि म्हणालात, "तिची आई खरंच आजारी होती."

आणि मी हसले, तात्या. मला वाटलं, तुम्ही दिवाळीचीच गोष्ट पुढं नेताय. मांडीवर पोर रडायला लागलं, मी त्याच्याकडे वळले, तुम्ही दोरा टाकून उठलात. पुन्हा तो विषय निघाला नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आता कालचं सांगते. ही मुलगी तुमच्या नातवाच्याच ऑफिसात आहे. इटलीची, डोंगरातल्या कुठल्याशा गावची. दोघांचं तीन वर्षांपासून आहे, मला इथं आल्यावर कळलं. मुलगी उंच, हसरी, जरा घाईची. माझं शाळामास्तरणीचं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी, दोन्ही सारखंच अडखळत चालतं, त्यामुळे आमचं छान जमतं. काल ती पिठाची पिशवी आणि घरची फळी घेऊन आली. पातेल्यात घाटायला लागली तेव्हाच मी जवळ सरकले. फळीवर ओतलं. मदत करावी म्हणून मी सुरी उचलली, तर तिनं माझं मनगट धरलं. "नाही, नाही! सुरी नाही!" आणि पर्समधून दोरा काढला. माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी. ती घाबरली, तिला वाटलं मनगट दुखलं. मी म्हटलं, माझे वडील अस्संच करायचे, लढाईत इटलीत होते, मिलिटरीत शिकले. ती हसली, मग एकदम हसायची थांबली. म्हणाली, "मिलिटरीत हे शिकवत नाहीत. हे कुणाच्या तरी घरात बसून शिकावं लागतं." नातू तुमचा म्हणाला, "आजोबा इटलीत होते? मला कधी सांगितलं नाहीस, आई." काय सांगणार होते मी? इटली ठाऊक होती, पण त्यामागचं मलाच काल कळलं. आई परसात का जायची तेही काल कळलं, आणि दोरा तरीही दर वेळी तीच तोडून द्यायची, हे आठवून तर मी उरलेली वडी ताटातच ठेवली.

आज सोमवार. उद्या तुमचा नातू नोकरीचा राजीनामा देणार आहे. कायमचा आपल्याकडे, साताऱ्याला येतोय, माझ्यासाठी. ती मुलगी येऊ शकत नाही. तिची आई गावी एकटी आहे, महिन्यातून एकदा ती विमानानं जाऊन येते, भारतातून कसं जमायचं? तिनं मला एका शब्दानं दोष दिलेला नाही. उलट माझ्या गुडघ्याखाली ठेवायला उशी घेऊन आली. पोरगी अशी वागते, त्यानंच मी जास्त मरते.

कारण माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही, तात्या. दुखतो, या वयात सगळ्यांचा दुखतो, डॉक्टर म्हणाले चालत राहा. पण हे गेले, त्याला चार वर्षं झाली. एका माणसाच्या दोन पोळ्या लाटायच्या, माणसांचे आवाज यावेत म्हणून टीव्ही लावून ठेवायचा, फोन वाजला की बँकवाले. मागच्या पावसाळ्यात एकदा याचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन पावलं टाकवत नाहीत रे आता." त्यानंतर रोज फोन करायला लागला. रोज! मग मी तसंच म्हणत राहिले. इथं आणलं तेव्हा त्यानं माझ्यासाठी पलंग खालच्या हॉलमध्ये टाकला. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्या, आईला कसे चढवतील म्हणून. आबांनी निदान एकच पत्र धाडलं होतं. मी वर्षभर तेच केलं. आणि तुमच्यावर मी मनातून किती वर्षं चिडून होते, की हा माणूस कधी मोकळं बोलत नाही! बोललात तेव्हा मी हसले.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, वाळलेल्या कपड्यांच्या घडीत ठेवून देईन. सहा वाजत आलेत. तो आला की दारातूनच हाक मारतो, "आई, कुठं आहेस?" रोज मी त्याच्याआधी जाऊन कोचावर बसलेली असते, गुडघ्यावर शाल घेऊन. कारण रोज तो गेला की मी वर येते, तात्या. दोन जिने चढून, अगदी माळ्यावरच्या खोलीत. इथून विमानं चांगली दिसतात. आत्ताही इथंच बसून लिहितेय.

खाली सायकल लावल्याचा आवाज आला. आज काही मी उतरणार नाही. त्यानं हाक मारली की इथूनच ओ देणार आहे.