आठ सळयांचं ड्रॉइंग

जयनगर, बेंगळूरु
१९ जुलै २०२५

तीर्थस्वरूप अण्णांना धाकट्या भावाचा, वादिराजाचा, वाकून नमस्कार.

इकडे सगळं बरं आहे. शिल्पाचा गुडघा स्वल्प कमी दुखतो. आपल्या दिव्यश्रीला येलहंक्याला नोकरी लागली, संगणकाचंच काम. वहिनींचं बी.पी. कसं आहे? हुबळीत पाणी रोज येतं का आता?

बावीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. फोनच करणार होतो, पण दिव्या म्हणाली, "अप्पा, फोन नको. दोड्डप्पांशी तुम्ही हवापाण्याचं बोलाल आणि ठेवून द्याल. लिहा." ती बरोबर बोलली. बघा, सुरुवात गुडघ्यापासूनच केली मी.

बनशंकरीतली खंडोजीरावांची इमारत तुम्ही विसरला नसाल. खंडोजीराव गेले. आता त्यांचा मुलगा यशोवर्धन सगळं बघतो. तिथे मुलींचं हॉस्टेल आहे, चाळीस मुली राहतात. जूनमध्ये तो ऑफिसात आला आणि म्हणाला, "अंकल, वर आणखी दोन मजले चढवायचे आहेत. खांबांचं ड्रॉइंग तुमच्याकडे असेल ना?"

मी कपाटातून कागद काढून दिला. तुमच्या हातच्या दुरुस्त्या असलेली प्रिंट. त्यावर प्रत्येक खांबात आठ सळया आहेत.

हो, तोच कागद. २००३ मध्ये तुम्ही तीन दिवस ऑफिस उलटंपालटं करून शोधत होतात तो. माझ्या कपाटात होता.

यशोवर्धन खूश झाला. त्याचा इंजिनियर श्रीवत्स मात्र अडून बसला. तरुण आहे, पण चोख. म्हणाला, "कागद फाटलाय, आकडे पुसट आहेत. मूळ फाइल बघितल्याशिवाय मी सही करणार नाही." मी सांगितलं, फाइल जुन्या सॉफ्टवेअरमधली आहे, तो संगणक मार्चमध्ये बंद पडला, नव्यावर ती उघडत नाही. हे खरंच होतं. पण यशोवर्धनला घाई झालेली. "सही येईल तेव्हा येईल, मी सामान चढवून घेतो," म्हणाला, आणि गच्चीवर विटा आणि सिमेंट चढू लागलं. रोज तिकडून जाताना मी मान वर करून बघत असे. कडब्याची गंजी रचावी तशी रास वाढत होती. खाली मुली कपडे वाळत घालत होत्या.

दिव्याने मनावर घेतलं. जुन्या डिस्कवरून तिने सगळं उतरवून घेतलं. नव्या विंडोजने आपला प्रोग्राम सुरूच होऊ दिला नाही. हा या संगणकावर चालत नाही, एवढी एकच ओळ. मग तिने नव्या संगणकाच्या आत एक जुना विंडोज बसवला, जणू घरात एक बंद खोली. तिथे प्रोग्राम सुरू झाला, पण लॉक मागू लागला. आठवतं ना, प्रोग्रामची चोरी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या रुंद सॉकेटला आपण जे लॉक लावायचो? नव्या संगणकाला ते सॉकेटच नाही. एस.पी. रोडवर तीन दुकानं फिरून तिने तसलं सॉकेट असलेलं कार्ड आणलं. तरीही दोन दिवस जमेना.

अण्णा, दर वेळी "एरर" आली की ती कपाळाला हात लावायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वर विटा चढत होत्या, आणि फाइल उघडू नये म्हणून मी राघवेंद्रस्वामींना हात जोडत होतो.

रविवारी दुपारी ती उघडली.

दिव्या म्हणाली, "अप्पा, इथे सहा सळया आहेत. कागदावर तर आठ." मी म्हटलं, जुनी फाइल आहे, काहीतरी गडबड झाली असेल. ती शोधत राहिली. त्याच फोल्डरात बॅकअपची फाइल होती. प्रोग्राम आधीची प्रत आपोआप ठेवतो, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्यात आठ होत्या. सहाची फाइल केल्याची तारीख १४ नोव्हेंबर २००३.

"त्या दिवशी दोड्डप्पा कुठे होते?"

मंत्रालयाला, राघवेंद्रस्वामींच्या दर्शनाला. बाबांना घेऊन तुम्ही गेला होतात, हे मी तिला सांगितलं.

आता सरळ लिहितो. दुपारी कंत्राटदाराचा फोन आला की सळया कमी पडतात, खांब उद्या भरायचे आहेत. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुम्ही नेहमीच जास्त सळया घालता असं मला वाटायचं, आणि एक निर्णय आपणही घ्यावा अशी खुमखुमी होती. आठाच्या सहा केल्या, तुमच्या नावाखालीच प्रिंट काढून पाठवली. तुम्ही परत येऊन खांबांतून वर आलेल्या सळया मोजल्या, तेव्हा खंडोजीरावांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. मी म्हटलं, अण्णांनी जे दिलं तेच मी पाठवलं.

तुम्ही चार मजल्यांचं काम दोनवर थांबवायला लावलंत, त्यांच्या शिव्या खाल्ल्यात. ते सोसलंत. पण नंतर बाबांच्या खाटेपाशी बसून तुम्ही म्हणालात, "कदाचित माझ्याच हातून झालं असेल, वादी. हल्ली लक्ष राहत नाही." आणि पेन्सिल ठेवून हुबळीला मेहुण्याच्या दुकानात बसायला निघून गेलात. मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. आणि या जूनमध्ये, काम का थांबलं होतं हे यशोवर्धनला ठाऊक नाही असं बघून, तो विषय पुन्हा निघू नये म्हणून आठांचा कागद त्याच्या हातात दिला.

दिव्याने दोन्ही प्रिंट काढल्या आणि चपला घालून दारात उभी राहिली. मी मागोमाग गेलो. हॉस्टेलवर यशोवर्धन होता. मी त्याला म्हटलं, "गच्ची आधी रिकामी कर. खांबांत सहाच सळया आहेत. मी कमी केल्या होत्या."

"महिनाभर तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"वर मुली झोपतात, अंकल."

त्याने माणसं बोलावली. संध्याकाळपर्यंत विटा खाली आल्या. मंगळवारी श्रीवत्सने यंत्र लावून खांब तपासले. सहाच. आहेत तेवढे मजले ठीक आहेत, वर एक वीटही नको, असं त्याने लिहून दिलं. यशोवर्धन माझ्यावर तक्रार करणार आहे. करू दे. दिव्या माझ्याशी कामापुरतं बोलते.

श्रीवत्सच्या अहवालात मूळ ड्रॉइंग तुमच्या नावावर आहे, बदल माझ्या नावावर. त्याखाली मी सही केली. एक प्रत सोबत पाठवतो. घरात सगळ्यांना वाचून दाखवा, मेहुण्यांनाही.

अण्णा, तुमचं लक्ष कधीच चुकलं नव्हतं. तुम्ही आठच काढल्या होत्या.

तुमची बावीस वर्षं ज्याने घेतली तो,
वादिराज