रिकाम्या रकान्यात शून्य भरू नये

मी, रंगराव हिंदुराव घाटगे, वय एकाहत्तर, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लाजेचा दाखला कोणी देत नाही, म्हणून ती स्वतःच लिहितो.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी कन्या नम्रता हिला. सोसायटीचे सचिव पार्किंगवरून माझ्याशी नऊ वर्षे भांडले. त्यांना माझी सायकल द्यावी व ती कुठे लावतात ते पाहावे.

२. १९९६ साली बुधवार पेठेतल्या कचेरीत आम्ही एका रक्त-लघवी तपासणी केंद्रासाठी संगणकाच्या पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहीत होतो. पास्कलमध्ये आकड्याच्या जागी आकडा असावाच लागतो. माझ्या हाताखालच्या कल्याणी वानखेडे म्हणाल्या, "सर, तपासणी झालीच नसेल तर? शून्य म्हणजे 'माहीत नाही' असं नव्हे ना."

मी म्हणालो, "सरकारी फॉर्मवर आपण निरंक लिहितोच की. शून्य टाका आणि घरी जा."

त्यांनी टाकले. एका बाईंची लघवीतली साखर तपासायची राहिली आणि अहवालात शून्य छापून आले. सगळे ठीक आहे असे समजून त्यांचे मधुमेहाचे औषध थांबले. पंधरा दिवस अतिदक्षता विभागात काढून त्या वाचल्या. शून्य कोणी टाकले, असे मालकांनी विचारले तेव्हा मी कल्याणीबाईंकडे बोट दाखवले. ते खोटे नव्हते, म्हणूनच जास्त लाज वाटते.

३. कल्याणीबाई नोकरी सोडून गेल्या, त्यांची वही टेबलावर राहिली. तीत आकड्याशेजारी 'आहे-नाही'ची खूण ठेवणारा नवा प्रकार आखला होता. खूण 'नाही' असेल तर आकडा वाचूच द्यायचा नाही. २०११ साली तोच मी एका मुक्त पास्कल कंपायलरच्या, म्हणजे पास्कलचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या, मंडळींना स्वतःच्या नावाने पाठवला. हिंजवडीत व्याख्यान दिले, शाल-श्रीफळ घेतले. नारळ खाल्ला, शाल अंगावर घेववली नाही.

ती वही कल्याणीबाईंना परत द्यावी. सोबतचे माझ्या सहीचे पत्र कंपायलरवाल्यांना पाठवून त्या प्रकाराच्या पहिल्या ओळीतले माझे नाव खोडायला लावावे, कल्याणीबाईंचे घालायला लावावे. त्यांचा फोन नंबर आठ वर्षे माझ्याकडे आहे. धीर झाला नाही.

४. मला माफ केले का, असे नम्रताने त्यांना एकदाच विचारावे आणि उत्तर खाली लिहावे. त्या गप्प राहिल्या तर रकाना रिकामा ठेवावा. शून्य टाकू नये. निरंकही लिहू नये.

ठिकाण : पुणे. दिनांक : ११ ऑगस्ट २०२५
सही : रं. हिं. घाटगे
साक्षीदार : समाधान कांबळे, श्रद्धा केळकर

कल्याणी वानखेडे यांचे उत्तर : ..................